कोंड्याचा मांडा

परळीहून बीडकडे निघाले की वाटेत सिरसाळा लागते. सकाळच्या पहिल्या गाडीने गेलात तर स्टँडासमोरच्या हॉटेलांत बाकड्या-बाकड्यावर एकच चित्र दिसते. बशीत ओतलेला चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट. शेताकडे निघालेला गडी तेच खातो, दप्तर पाठीला लावलेले पोर तेच खाते आणि बाजाराला आलेली म्हातारी पिशवीतून पुडा काढून नातवाच्या हातावर तेच ठेवते. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीपायी मी या भागात होतो, तेव्हा याच वेळी याच माणसांपुढे रात्रीची भाकरी आणि चटणी असे. भाकरी अजून गेलेली नाही, ती संध्याकाळी चुलीवर किंवा गॅसवर होतेच. पण सकाळ मात्र मैद्याने जिंकली.

हा बदल कोणी ठरवून केलेला नाही. बाईला पहाटे उठून भाकरी थापायचा त्रास वाचला, पोरांना गोड लागले, पाच रुपयांत भागले. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड कामगारांचे ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्या ट्रकांवर भांडी, कोंबड्या, पिठाची पोती यांच्या जोडीला आता बिस्किटांचे खोकेही दिसते. फडावर माय-बाप ऊस तोडत असताना लहानग्याच्या हाती द्यायला त्याहून सोयीचे काही नाही. यात कोणाला दोष द्यावा?

दोष कोणाचाही असो, पोट मात्र दिसू लागले आहे. पूर्वी खेड्यात सुटलेले पोट फक्त सावकाराचे आणि आडत्याचे असे. आता ते रिक्षावाल्याचे आहे, मास्तरांचे आहे, पानटपरीवाल्याचे आहे. हातपाय काडीसारखे आणि मधेच घडा बांधल्यासारखे पोट, असा हा नवा बांधा आहे. अखिल भारतीय पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांचे पोट प्रमाणाबाहेर सुटलेले आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की ती या हिशेबात धरतात. वाचकांनी शिंप्याची टेप घेऊन स्वतःच खात्री करून घ्यावी. मी केली. मी ३९.५ टक्क्यांत आहे.

या लेखाचे नाव ज्या वाक्प्रचारावरून घेतले आहे, तो आपल्या आज्या सहज वापरत. मांडा म्हणजे गव्हाचे सगळ्यांत नाजूक, सगळ्यांत खानदानी रूप. पीठ वस्त्रगाळ करायचे, त्यातला कोंड्याचा कणही राहू द्यायचा नाही, हातावर फिरवून-फिरवून कागदासारखे पातळ करायचे आणि खापरावर भाजायचे. आणि कोंडा म्हणजे ते वस्त्र झटकल्यावर जे खाली पडते ते. त्या टाकाऊ वस्तूचा जी मांडा करून दाखवते ती खरी सुगरण. दुसरी म्हण त्याहून कडक आहे, 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा'. म्हणजे काय, तर फार भूक लागली तर माणूस कोंडाही खाईल. दोन्ही म्हणींत कोंडा हा शेवटचा उपाय आहे. कोंडा म्हणजे दारिद्र्य हे समीकरण आपल्या भाषेतच मुरलेले आहे, आणि भाषेत मुरलेली गोष्ट डॉक्टरच्या चिठ्ठीने जात नाही.

माझ्या लहानपणी १९७२ चा दुष्काळ पडला. रेशनवर मिलो नावाची तांबडी अमेरिकन ज्वारी मिळे, दुष्काळी कामावर सुकडी मिळे. आईने त्या वर्षी पिठाची चाळण खुंटीला टांगून ठेवली. जे दळून येईल ते सगळे पोटात गेले पाहिजे, कण वाया जाता कामा नये. पुढच्या वर्षी पाऊस झाला, सुगी घरात आली आणि एके सकाळी आईने चाळण खाली काढली. दुष्काळ संपला हे आम्हा पोरांना त्या चाळणीच्या आवाजाने कळले. तेव्हापासून आमच्या घरात चाळणे म्हणजे सुखाचे दिवस. आज साठी ओलांडल्यावर डॉक्टर मला चाळण परत खुंटीला टांगायला सांगतात, तेव्हा मनातले ते पोर जरा बिचकतेच.

आता या कोंड्यात असते तरी काय? पोटात जाऊनही पचत नाही असा धान्याचा भाग, ज्याला आपण चोथा म्हणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे कोष्टक प्रसिद्ध केले. बँकवाल्याला कोष्टक दिसले की राहवत नाही, म्हणून काही आकडे देतो. १०० ग्रॅम मैद्यात चोथा पावणेतीन ग्रॅम. तेवढ्याच कणकेत ११ ग्रॅमच्या वर. ज्वारीत १०, बाजरीत साडेअकरा. अख्ख्या तुरीत जवळपास २३ ग्रॅम आणि तुरीच्या डाळीत फक्त ९. अख्ख्या हरभऱ्यात २५, हरभऱ्याच्या डाळीत १५. म्हणजे सोलले, कांडले, चाळले की चोथ्याचा मोठा भाग निघून गेलाच म्हणून समजा. गव्हाच्या दाण्यात वजनाने जेमतेम १४-१५ टक्के कोंडा असतो, पण दाण्यातला बहुतेक चोथा त्यातच. नुसत्या कोंड्यात १०० ग्रॅमला ४० ग्रॅमच्या वर. तज्ज्ञ सांगतात की दिवसाला २००० कॅलरींचे जेवण घेणाऱ्याच्या पोटात साधारण ३० ग्रॅम चोथा जावा. ज्वारीच्या दोन दणकट भाकरींना दीडशे ग्रॅम पीठ लागते, म्हणजे निम्मा हिशेब तिथेच चुकता होतो. चार टोस्टांनी दीड-दोन ग्रॅमही भरत नाही.

मग निघालेला चोथा जातो कुठे? याचे उत्तर मला नोकरीतच मिळाले होते, पण तेव्हा तो प्रश्न आहे हेच कळले नव्हते. लातूर हे डाळ गिरण्यांचे गाव. कर्जाला तारण असलेला माल मोजायला आम्हाला गिरणीत जावे लागे. तुरीला तेल-पाणी लावून, वाळवून, भरडून तिची डाळ करतात. १०० किलो तुरीची ७०-७५ किलो डाळ पडते, उरलेली चुनी आणि टरफल. डाळीच्या थप्प्या आम्ही मोजायचो, तुरीची पोती मोजायचो, आणि कोपऱ्यात छतापर्यंत रचलेल्या चुनीच्या पोत्यांकडे गिरणीवाला हात उडवून म्हणायचा, ''ते सोडा साहेब, ते म्हशीचंय.'' आम्ही सोडून द्यायचो. तारणाच्या तक्त्यात त्या पोत्यांना रकाना नव्हता. मराठवाड्यातल्या म्हशींची तब्येत मालकांपेक्षा चांगली का, याचे रहस्य त्या कोपऱ्यात होते.

गंमत अशी की जे टरफल आपण म्हशीला घालतो, त्याचाच भाऊबंद औषधाच्या दुकानातून चांगल्या किमतीला घेतो. इसबगोल म्हणजे दुसरे काय आहे? एका बीचे टरफलच. पण ते डब्यात असते, त्यावर कंपनीचे नाव असते आणि रात्री झोपताना गंभीर चेहऱ्याने घ्यायचे असते. त्यामुळे त्याला कोणी कोंडा म्हणत नाही.

साहेबाच्या देशातही कोंडा डुकरांनाच जात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी लाटांच्या गिरण्या आल्या आणि पांढरेशुभ्र पीठ मजुरालाही परवडू लागले. दुसऱ्या महायुद्धात 'किंग जॉर्ज द फिफ्थ' या ब्रिटिश युद्धनौकेवर क्लीव्ह नावाचे डॉक्टर होते. महिनोन्‌महिने समुद्रावर राहून खलाशांची पोटे आखडलेली. क्लीव्हसाहेबांनी त्यांना चमच्याने कच्चा कोंडा खाऊ घातला आणि नौकेचा कारभार सुरळीत चालू झाला. पुढे युगांडात काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी हेच सूत्र धरले. आफ्रिकेतल्या खेडुतांना आतड्यांचे जे रोग जवळजवळ होत नाहीत ते इंग्लंडमध्ये घरोघर का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क दोन्हीकडच्या माणसांच्या शौचाचे वजन केले. रविवारच्या नाश्त्याच्या वेळी हा विषय काढल्याबद्दल वाचकांची क्षमा मागतो, पण १९७२ साली तो निबंध एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पाश्चात्त्य जग कोंड्याकडे वळले. इतके वळले की अमेरिकेत एका पावात लाकडाच्या लगद्याचा चोथा घालून तो वजन कमी करणारा म्हणून खपवला गेला.

चोथ्याने वजन कसे उतरावे, यात चमत्कार काही नाही. त्याला जागा लागते, पाणी लागते, चावायला वेळ लागतो. पोट भरल्याची वर्दी डोक्यात लवकर पोचते आणि साखर रक्तात सावकाश उतरते. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१९ साली १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र करून पाहिले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. प्रयोगांत वजनही उतरले. फार नाही, पण उतरले.

आपल्याला हे जास्त लागू आहे, कारण आपला बांधाच वेगळा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे आहेत. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाटा ज्याला सडपातळ म्हणतो तो मराठी माणूस आतून लठ्ठ असू शकतो, हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नसेल. सिरसाळ्याच्या स्टँडावरचे काडीसारखे हात आणि घड्यासारखे पोट मला त्या छायाचित्रामुळे समजले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मी ती सांगायचे टाळत होतो, कारण तीत माझी बाजू फारशी चांगली नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतरचे वर्ष, म्हणजे १९९४. सिरसाळ्यात भट्टी चालवणारे एक गृहस्थ कर्जासाठी आमच्या शाखेत आले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. तरुणपणी मुंबईच्या एका बेकरीत दहा वर्षे काम केलेले. त्यांना दुसरी भट्टी बांधायची होती आणि एक दळायचे यंत्र घ्यायचे होते. भट्टी समजली, यंत्र कशाला? चाचा म्हणाले, ''सायब, मुंबईत डॉक्टर लोक कोंड्याचा पाव मागून खातात. आपल्याकडं कोंडा म्हशीला जातो. त्याचा टोस्ट करून बघावं म्हनतो.'' मी हसलो. वाईट हसलो असे नाही, पण हसलो. भट्टीचे कर्ज मंजूर केले, यंत्राची रक्कम कापली आणि प्रस्तावाच्या समासात लाल शाईने लिहिले, 'मागणी नाही.' पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होते. १९९४ साली सिरसाळ्यात कोंड्याच्या टोस्टाला खरोखरच मागणी नव्हती. चाचांनी दोन्ही भट्ट्यांत मैद्याचा टोस्ट केला, हप्ते वेळेवर फेडले.

पंचवीस वर्षांनी, निवृत्तीच्या तोंडावर माझी साखर वाढलेली निघाली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ''सकाळी काय खाता?'' मी उत्तर दिले आणि उत्तर देता-देता मला ती लाल शाई आठवली.

मागच्या दिवाळीनंतर सिरसाळ्याला गेलो. भट्टी आता मुलगा बघतो. चाचा गल्ल्यावर बसतात. उजव्या पायाचा अंगठा काढलेला आहे, साखरेने. आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या भट्टीचा टोस्ट खाल्लेला माणूस. अंगठ्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. बरणीत पांढऱ्या टोस्टाशेजारी जरा काळपट टोस्ट होता. ''पोरानं केलाय,'' म्हणाले, ''खाऊन बघा.''

पोराने तो सुखासुखी केलेला नाही. मैद्यात एक चिवट प्रथिन असते. पीठ मळले की त्याचे जाळे तयार होते, यीस्टचा वायू त्यात अडकतो आणि पाव फुगतो. कोंड्याचे पापुद्रे धारदार, ते हे जाळे कापून टाकतात. शिवाय कोंडा पाणी पितो. पहिल्यांदा त्याने उत्साहाने तीस टक्के कोंडा घातला, तर पावाची वीट झाली. मग कोंडा बारीक दळायचे ठरले. गावातल्या मिरचीच्या डंकावर दळून आणला, तर गिऱ्हाईक खोकत परत आले. पुढे लहान यंत्र घेतले. तेच, जे मी कापले होते. पावसाळ्यात आणखी एक अडचण आली. कोंड्याबरोबर अंकुराचे तेल येते आणि ते लवकर खवट होते. त्यावर उपाय चाचांनी सांगितला. संध्याकाळचा शेवटचा घाणा काढला की भट्टी रात्रभर ऊब धरून असते, त्यात पत्र्यावर कोंडा पसरून ठेवायचा. सकाळी तो खमंग भाजलेला असतो, लाकूड एकही जास्त लागत नाही. मग तो रात्रीच्या उरलेल्या पाण्याऐवजी ताज्या पाण्यात तासभर भिजवायचा, त्याची तहान आधीच भागवायची, म्हणजे तो मैद्याचे पाणी पळवत नाही. असे करत-करत दहा किलोला एक किलो कोंडा या प्रमाणावर गाडी थांबली. टोस्टाला फुगणे फारसे लागत नाही, तो दोनदा भाजायचा असतो, त्यामुळे पावात जे खपले नसते ते टोस्टात खपते.

मी घरी येऊन हिशेब केला. दहा टक्के कोंड्याने पिठातला चोथा १०० ग्रॅमला पावणेतीन ग्रॅमवरून साडेसहा-पावणेसात ग्रॅमवर जातो. अडीच पट. कणकेइतका नाही, पण जो माणूस टोस्ट सोडणारच नाही त्याच्यासाठी तो कमीही नाही.

हरभऱ्याच्या टरफलाचाही प्रयोग त्याने केला. पाच टक्क्यांपर्यंत चालले, पुढे जीभ ओढू लागली. तुरीचे टरफल तर त्याहून तुरट. आणि मुळात गिरणीतली चुनी उचलून माणसाला घालता येत नाही. ती जनावरांसाठी म्हणून झाडलेली, रचलेली असते, तीत धूळ काय आणि कीटकनाशक काय, कोणी तपासलेले नसते. पेंडीच्या दुकानातल्या भुश्शाचेही तेच. हा मुलगा शहरातल्या पिठाच्या गिरणीतून खाण्याजोगा, स्वच्छ कोंडा वेगळा मागवतो. टाकाऊ वस्तू वापरायची म्हणजे ती टाकली जाण्याआधी उचलावी लागते. उद्या लातूरच्या एखाद्या गिरणीने टरफलासाठी वेगळी, स्वच्छ वाट केली तर गोष्ट निराळी. २०२० साली केंद्र सरकारने छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली, तिच्यात ३५ टक्के अनुदान ठेवले होते. माझ्या काळात असे काही असते तर मी यंत्र कापले नसते, असे म्हणायचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर तेव्हाही कापले असते.

या उद्योगात सिरसाळा एकटे नाही. गोव्यात सकाळी पोदेर सायकलवर भोंगा वाजवत येतो, त्याच्या टोपलीत पोई असते. गव्हाच्या जाड्या पिठाची, आतून पोकळ आणि पाठपोट कोंड्यात घोळलेली. पूर्वी ती माडाच्या सुरेने आंबवत. ज्या पोर्तुगीजांनी आपल्याकडे मैद्याचा पाव रुजवला असे म्हणतो, त्यांच्याच गोव्यात कोंड्याचा पाव मानाने टिकला आहे आणि मधुमेही लोक तो मागून घेतात. तिथे त्याला दारिद्र्याचा वास नाही. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली आंब्याच्या सालीची पूड बिस्किटांत घालून पाहिली. सालीत निम्मा चोथा असतो. दहा टक्क्यांपर्यंत बिस्किटे लोकांना आवडली, वर आंब्याचा स्वादही आला. तीच दहा टक्क्यांची रेघ, जी सिरसाळ्याच्या भट्टीत सापडली! आपल्याकडे रसाच्या जेवणावळी उठल्यावर उकिरड्यावर सालींचा केवढा ढीग पडतो, तो आठवावा.

आणि वर्ध्याला विसरून चालणार नाही. १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला आणि मगनवाडीत जात्याच्या पिठाचा, हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. पुढे आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकातही गव्हाचा कोंडा काढू नये असे त्यांनी बजावले आहे. आपण त्यांचा चरखा फोटोत ठेवला आणि जाते अंगणात झाड लावायला वापरले.

आता जरा कटू बोलतो. कोंडा घातला म्हणून टोस्ट औषध होत नाही. त्यात साखर आहे, वनस्पती तूप आहे. बाजारात चोथ्याच्या नावाने खपणाऱ्या बिस्किटांतही तीच आहेत, अनेकदा थोडी जास्तच, कारण कोंड्याचा रुक्षपणा झाकायला तेच सोपे. कायद्याने १०० ग्रॅम खाद्यात ६ ग्रॅम चोथा असला की 'भरपूर चोथा' असे वेष्टनावर छापता येते. साधी ज्वारीची भाकरी त्या कसोटीच्या आसपास कधीचीच बसली आहे, पण तिला वेष्टन नाही. ब्राऊन ब्रेडचा रंग पुष्कळदा कोंड्याचा नसून जळक्या साखरेचा असतो, तेव्हा रंगावर न जाता मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. चोथा वाढवायचा तर हळूहळू वाढवावा आणि पाणी भरपूर प्यावे, नाही तर क्लीव्हसाहेबांच्या खलाशांच्या उलट अवस्था होते.

शिवाय तो सगळ्यांसाठीही नाही. दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या ऊसतोड बाईला कोंड्याचे व्याख्यान देणे म्हणजे क्रूर थट्टा आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. कोंड्यातला एक घटक लोह बांधून ठेवतो. पीठ आंबवले तर त्याचा जोर कमी होतो, पण संपत नाही. तिला जास्त अन्न हवे, डाळ हवी, पालेभाजी हवी. चोथा तिच्या भाकरीत आहेच. तिचे पोर मात्र फडावर बिस्किटांवर वाढते आहे, आणि ते चाळीस वर्षांचे होईल तेव्हा त्याच्या कंबरेला टेप लावायची वेळ येईल. माझ्या मते कोंडा घालायचा तो इथे, पाच रुपयांच्या पुड्यात, त्याच भावात, आरोग्याचा डांगोरा न पिटता. श्रीमंतांच्या महागड्या बिस्किटांत तो पोचलेला आहे, त्याची काळजी नको.

चाचांच्या मुलाला पुड्यावर 'डाएट टोस्ट, शुगरवाल्यांसाठी' असे छापायचे होते. मी त्याला सांगितले, बाबा, साखर घालतोस ना, मग असे छापू नकोस, आणि चोथ्याचा आकडा छापायचा तर आधी प्रयोगशाळेत तपासून घे. तो जरा खट्टू झाला. 'कोंड्याचा टोस्ट' म्हटले तर कोणी घेत नाही. म्हणून बरणीवर नुसते 'ब्राऊन' लिहिले आहे. मी बसलो होतो तेवढ्यात एक आजीबाई आल्या, बरणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ''हे करपलेलं स्वस्तात देता का?''

''करपलेलं न्हाई मावशी, कोंड्याचं हाय,'' चाचा म्हणाले.

''कोंडा व्हय? मग ऱ्हाऊ द्या. दुष्काळात लई खाल्ला.''

त्या पांढरा पाव किलो घेऊन गेल्या. मी आईच्या चाळणीबद्दल त्यांना काही सांगणार होतो, पण त्या थांबल्या नाहीत.

चाचांनी गल्ल्याखालून वही काढून माझ्यापुढे सरकवली. आठवड्याची विक्री मुलाने नीट लिहून ठेवली होती. पांढरा ४० किलो, ब्राऊन ६. मी जुन्या सवयीने मनातच टक्केवारी काढली. एकूण मालाच्या तेरा टक्के. पहिल्या महिन्यात तो दोन किलोही गेला नव्हता, असे मुलगा आतून ओरडून म्हणाला.

चाचा माझ्याकडे बघत होते. ''सायब,'' म्हणाले, ''लाल शाईचा पेन आनलाय का?''